बिनदाराची केबिन

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, हे मला आधी नाकाने कळतं. पॅकहाउसचं शटर वर गेलं की आतून गंधकाचा वास येतो. खोक्यात द्राक्षांवर जो पातळ कागद घालतात त्याचा, काडेपेटीतली काडी नुकतीच विझल्यासारखा. मग थंडी. बाहेर दिंडोरीची, आत मशिनची, आणि बाहेरची निदान दहा वाजता उतरते. टेम्पोतून उतरलेल्या बायका हात काखेत घालून रांगेत उभ्या राहतात. कुणाच्या तरी डब्यातून लसणाच्या चटणीचा वास येतो. टोप्या, ॲप्रन, हातमोजे चढतात आणि टेबलांवर कात्र्यांची टकटक सुरू होते. बाहेरच्यांना द्राक्ष म्हटलं की काहीतरी गोड आठवतं. आम्हाला ते थंडगार आणि घाईचं आठवतं.

यंदा या वासाबरोबर एक कागदही आला आहे. ‘सुपरवायझर केबिनला दार नसल्याचे निदर्शनास आले आहे. परदेशी खरेदीदाराच्या तपासणीपूर्वी, म्हणजे गुरुवारपर्यंत, दार बसवून घ्यावे. अन्यथा आपणाविरुद्ध कारवाई करण्यात येईल.’ खाली नव्या मॅनेजरसाहेबांची सही. निदर्शनास आलं म्हणे! चार हंगाम त्या चौकटीतून वारा ये-जा करतो आहे. इथे कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला ते माहीत आहे, चहा घेऊन येणाऱ्याला माहीत आहे, गेटवरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे, कारण उन्हाचं ते तिथेच येऊन झोपतं. ते दार मी काढायला लावलं, आणि स्वतःवरच्या रागाने लावलं. तो हंगाम मला कधी विसरता येणार नाही आणि विसरायचाही नाही.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर आम्हा सुपरवायझर लोकांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल. खुर्च्यांना पांढरे झगे घालून मागे रिबिनीची गाठ मारलेली. पाय ठेवायला संकोच वाटावा असा गालिचा. पाठीमागच्या फ्लेक्सवर इंग्रजीत लांबलचक नाव. आमच्या कोल्ड स्टोरेजचे कैलासभाऊ ते नाव वाचतानाच पेंगायला लागले. ट्रेनिंग कशासाठी, हे आम्हाला साहेबांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं. खरेदीदाराने सर्टिफिकेट मागितलंय. सह्या करा, जेवण चांगलं असतं, परत या.

जेवण खरंच चांगलं होतं. पण शिकवायला आलेल्या मेधाताई भलत्याच निघाल्या. सुती साडी, बारीक आवाज, माईक बाजूला ठेवलेला. म्हणाल्या, “या इंग्रजी नावाचा अर्थ एवढाच, की तुमच्या हाताखालच्या माणसाने आयुष्यात काहीतरी जबर सोसलेलं असू शकतं, हे धरून चाला. ते काय, हे तुम्हाला कळायलाच हवं असं नाही. धरून चाला, आणि तसं वागा.” मी मनात म्हटलं, बाई, तुम्ही कधी मार्चमध्ये कंटेनर भरलाय का? गेटवर रेफर, म्हणजे माल गार ठेवणारी गाडी उभी, आत साठ बायका, बागेतून माल येतोच आहे, आणि मी प्रत्येकीचं आयुष्य धरून चालू?

माझा आवाज विंचूरचा आहे. वडील तिथल्या कांदा मार्केटात हमाल होते. त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा ट्रॅक्टरांच्या गर्दीत त्यांना हाक मारून मारून हा आवाज घडला. सुपरवायझर झाले तेव्हा त्याच्या जोडीला गळ्यात शिट्टी आली. बायका मला माघारी शिट्टीबाई म्हणायच्या, ते मला माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

दुसऱ्या दिवशी मेधाताईंनी कागद वाटले. म्हणाल्या, “चारचौघांत तुमच्यावर कुणी ओरडलं असेल, तो दिवस आठवा. कोण ओरडलं ते लिहू नका. कशासाठी, तेही नको. त्या दिवशी तुमच्या हातांचं काय झालं, तेवढंच लिहा.”

हात! हे काय विचारणं झालं? पण पेन टेकवलं आणि मला माझा स्वतःचा पहिला हंगाम आठवला. तेव्हा मीही टेबलावर कात्री घेऊन उभी राहायचे. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. कुणाच्या क्रेटमध्ये तडकलेला मणी सापडला की क्वालिटीवाला तिचं अख्खं क्रेट सगळ्यांसमोर स्टीलच्या टेबलावर उलटं करतो. धाडकन आवाज होतो, सगळ्या माना वळतात. म्हणे एकीला दाखवलं की साठजणींना धडा मिळतो. त्या दिवशी माझं क्रेट उलटं झालं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांना कात्रीच्या कड्या सापडेनात. मी कागदावर लिहिलं, ‘हात परक्याचे वाटत होते.’ लिहिलं आणि कागद पालथा घातला. कारण नंतर सुपरवायझर झाल्यावर अकरा हंगाम मी माझ्या डोळ्यांसमोर क्रेटं उलटी होऊ दिली होती. काही मी स्वतः केली होती.

आणि गंमत बघा. घड नेहमी देठालाच धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, मण्यावरची पांढुरकी लव पुसली तर माल बाद, हे आम्ही बायकांना पहिल्या दिवशी घोकून घेतो. इतकं नाजूक फळ. ते एका बाईला खाली बघायला लावण्यासाठी आम्ही धाडकन आपटत होतो. फळाची जी काळजी, तिच्या पाव हिश्शाची काळजी ते हाताळणाऱ्या हातांची कुणी केली नव्हती. मीही नाही.

ट्रेनिंगहून आल्यावर शिट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, मॅडमला बरं नाही की काय. क्वालिटीच्या प्रवीणला सांगितलं, क्रेट उलटं करायचं नाही, बाजूला ठेव आणि जवळ जाऊन सांग. त्याने मान डोलावली, जशी मी हॉलमध्ये मेधाताईंकडे बघून डोलावली होती.

फेब्रुवारीतली एक दुपार होती. चार नंबरच्या टेबलावर यमुना. सुरगाण्याच्या डोंगराकडची, तिच्या पाड्यावरच्या बारा बायकांबरोबर दर हंगामाला येणारी. तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. घड उचलला की कुठला मणी काढायचा ते तिच्या डोळ्यांच्या आधी कात्रीला कळायचं. बोलणं मात्र जवळजवळ नाहीच. त्या दुपारी गेटवर गाडी येऊन थांबली होती, प्रवीणचं डोकं फिरलेलं होतं, आणि तिच्या क्रेटमध्ये एक तडकलेला घड निघाला. माझं सांगणं विसरून त्याने सवयीने क्रेट उलटं केलं. धाडकन.

यमुना एकदम टेबलाखाली गेली. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, कात्री अजून बोटांत. प्रवीण ओरडला, “ए, नाटकं नको! बाहेर निघ!” मी त्याला हाताने मागे सारलं. खाली बसले. आधी कात्री अलगद सोडवून घेतली. मग अगदी हॉलमध्ये शिकवलं होतं तस्संच सगळं केलं. हळू आवाज. निवांत, खासगी जागा. पाण्याचा ग्लास. तिला केबिनमध्ये नेलं, खुर्ची दिली आणि कुणी डोकावू नये म्हणून दार लोटलं. त्याला वरती ते तेलाचं यंत्र होतं, दार आपोआप मिटायचं, फुस्स करून.

यमुनेने पाण्याला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तिची नजर दारावर खिळलेली आणि अंग असं थरथरत होतं की खुर्चीचा पाय फरशीवर वाजायला लागला. मी म्हणतेय, घाबरू नकोस, काय झालं ते सांग मला. मी जितकी गोड बोलतेय तितकी ती भिंतीत शिरतेय. मला वाटलं, आपल्याला जमत नाही हे. शेवटी उठले आणि दार उघडलं.

बाहेर कात्र्या थांबल्या होत्या. सुरगाण्याच्या बारा जणींनी टोप्या काढल्या होत्या, हातमोजे टेबलावर ठेवले होते, आणि काहीजणींची बोचकीसुद्धा बांधून झाली होती. पुढे देवकाबाई, त्यांच्यातली मोठी, जिच्या शब्दावर सगळ्या येतात आणि जातात.

“तिला काढली ना, मॅडम? मंग आमी बी नाय ऱ्हात.”

“अहो, काढलं कुठे? मी तिला पाणी द्यायला नेलं होतं!”

“पानी द्यायाला दार काहाला लावाया लागतं?”

तेव्हा लख्ख उजेड पडला. आमच्या पॅकहाउसमध्ये केबिनचं दार एकाच कामासाठी लागायचं, बाईला कामावरून काढायला. दार लागलं की आतली बाई पाच मिनिटांनी डोळे पुसत बाहेर येते आणि सामान उचलते. ही रीत मीच पाडली होती. अकरा हंगाम ते दार माझ्याच हाताने फुस्स करून मिटलं होतं, आणि आज मी त्याच दाराआड मायेने बोलायला बसले होते. गंगापूर रोडच्या हॉलमध्ये बंद दार म्हणजे आडोसा असेल. इथे बंद दार म्हणजे काय, हे साठ बायकांना ठाऊक होतं. एकटी मीच ते विसरले होते.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. विंचूरच्या आवाजात, म्हणजे शेवटच्या टेबलापर्यंत जाईल असं. अकरा हंगामांत हे शब्द त्या शेडमध्ये कुणी सुपरवायझरने उच्चारले नव्हते. पण देवकाबाई जागची हलली नाही. नुसत्या शब्दांनी तिने का हलावं? तिने आयुष्यात मुकादमांचे, ठेकेदारांचे, माझे, पुष्कळ शब्द ऐकले होते.

मागच्या बाजूला पॅलेट ठोकणारे भिकाभाऊ सुतार असतात. त्यांना हाक मारली. म्हटलं, “हे दार काढा.”

ते हातोडी घेऊन बघतच राहिले. “साहेबांना विचारलं का, ताई?”

“मी सांगतेय ना. काढा.”

बिजागऱ्यांचे स्क्रू गंजलेले होते, एकेक करकरत निघाला. सगळं पॅकहाउस बघत होतं. गेटवर रेफर गाडी घरघरत होती, माल टेबलावर वाट बघत होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीला थांबू दिलं. शेवटचा स्क्रू निघाला, भिकाभाऊंनी दार खांद्यावर घेतलं, आणि चौकटीतून पलीकडचा उजेड सरळ चार नंबरच्या टेबलापर्यंत आला. देवकाबाईने टोपी झटकली आणि डोक्यावर चढवली. मागोमाग बाकीच्यांनी.

यमुना माझ्याजवळून टेबलाकडे जाताना क्षणभर थांबली. “दार लागलं का मला काय सुधरत नाय,” म्हणाली. एवढंच. त्याच्या आधी तिच्यावर काय गुदरलं, कुठल्या गावच्या कुठल्या कामावर कुणी तिच्यामागे दार लावलं, हे मी चार वर्षांत विचारलेलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांगेल. नाही वाटलं तर तेही तिचंच.

विचारायला उठले ते साहेब. म्हणजे तेव्हाचे साहेब. दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन आले, त्यात एक चौकोन होता, ‘कर्मचाऱ्याच्या वर्तनाचे कारण.’ म्हणाले, “तिला पूर्वी काय झालंय ते नीट विचारून लिहा. फायलीला लागतं. आता हे असं बघायचं असतं ना, तुमच्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलंय.”

“लिहिणार नाही,” मी म्हटलं.

“मग तिला ठेवता येणार नाही, शोभाताई. कारण नसेल तर ते बेशिस्तीत जातं.”

“मग मलाही ठेवता येणार नाही. मी तर कंपनीचं दार काढलंय. ते कशात जातं?”

साहेब नुसते हसले. चौकोन कोराच राहिला आणि फॉर्म तसाच फायलीला लागला. यात माझी फार मोठी मर्दुमकी नव्हती, हेही सांगून टाकते. भर हंगामात सुपरवायझर काढायची कुणाची छाती नसते. जूनमध्ये हेच बोलले असते तर घरी बसले असते. पण ज्याला ज्या महिन्यात ताठ उभं राहता येतं, त्याने त्या महिन्यात तरी उभं राहावं.

मेधाताईंना फोन करून सगळं सांगितलं होतं. वाटलं, ओशाळतील. त्या म्हणाल्या, “बंद दार मी सांगितलं होतं. तुमच्या दाराला काय सवय आहे, ते मला कुठून कळणार? आता प्रत्येक वर्गात आधी विचारत जाईन, की तुमच्याकडे दार कशाला लावतात.” मला त्या बाई तेव्हा खऱ्या वाटल्या. त्यांचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये बंद होऊन ऑफिसच्या भिंतीवर आहे, तपासणीवाले त्याचा फोटो काढून नेतात.

काढलेलं दार बरेच दिवस भिंतीला टेकून होतं. एका दुपारी बघते तर बायकांनी ते आडवं करून चार क्रेटांवर ठेवलेलं, आणि त्यावर जेवायला बसलेल्या. तोवर त्या कोल्ड स्टोरेजच्या मागे फरशीवर उकिडव्या बसून जेवायच्या. दारावर नागलीच्या भाकरी पसरलेल्या, मिरचीचा ठेचा, कुणाची तरी खुरसणीची चटणी. कडीची भोकं होती तिथे मिठाची पुडी खोचलेली. मला देवकाबाईने सरकून जागा केली. त्या हंगामापासून मी तिथेच जेवते. पुढे पुढे प्रवीणही यायला लागला. सुधारला म्हणणार नाही. आजही त्याचं डोकं तापतं, हात क्रेटकडे जातो. पण चार नंबरच्या टेबलावरून यमुना मान वर करून नुसतं बघते, आणि हात थांबतो.

आता सगळे मला एकच विचारतात. या सगळ्याने हातून निघणारं काम वाढलं का? हेड ऑफिसवाले विचारतात, दुसऱ्या पॅकहाउसचे सुपरवायझर विचारतात, माझा नवराही एकदा विचारून बसला. मी उत्तर देत नाही. वाढलं असेल, नसेल. कमी झालं असतं तरी मी दार लावलं नसतं. माणसाला माणसासारखं वागवायला नफ्याचा दाखला कशाला लागतो? क्रेटं आपटत होतो तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आपटल्याने काम वाढतं का म्हणून.

नवे साहेब फोनवर गोड बोलले. “दार बसवून घ्या आणि उघडं ठेवा ना, ताई. तुमचंही राहील, आमचंही.” उघडं ठेवायचं दार एक ना एक दिवस कुणीतरी लावतं. मी नसेन तेव्हा लावतील. मी असतानासुद्धा, एखाद्या वाईट दिवशी, माझाच हात त्याला लागेल. मला माझा हात माहीत आहे.

भीती वाटत नाही असं नाही. यंदा हंगाम लवकर आटपणार म्हणतात, गाड्या कमी आहेत, माझ्यासारख्या दोघी कामाच्या शोधात फिरताहेत. मुलीची शिकायची दोन वर्षं बाकी आहेत. कारवाई म्हणजे काय ते मला कळतं. मी स्वतः किती जणींना त्याच केबिनमध्ये ते समजावून सांगितलंय.

काल बुधवारी सकाळी टेम्पोतून सुरगाण्याच्या तीन नव्या मुली उतरल्या. टोपी केसांवर बसत नाही, नजर जमिनीवर, हात एकमेकांत अडकलेले. यमुना त्यांना घेऊन चालली होती. चार नंबरचं टेबल आता तीच सांभाळते. मला वाटलं, आधी कात्री देईल, घड कसा धरायचा ते सांगेल. तिने त्यांना सरळ माझ्या केबिनपुढे आणून उभं केलं. चौकटीवर थाप मारली.

“हे बघून घ्या,” म्हणाली. “हिथं दार नाय. काय बी झालं तरी हिथून दिसतं. आता चला, कात्री देते.”

त्यानंतर तासाभराने भिकाभाऊ आले. मागे दोघांच्या खांद्यावर नवंकोरं दार. हेड ऑफिसने परस्पर पाठवलेलं. गुळगुळीत सनमायका, पितळी कडी, वर ते मिटवणारं यंत्रसुद्धा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं. कात्र्या एकेक करत थांबल्या. त्या थांबण्याचा आवाज मला ओळखीचा होता. देवकाबाईने हात टेबलावर टेकले. नव्या तिघी यमुनेकडे बघत होत्या आणि यमुना माझ्याकडे.

“कुठं बसवायचं, ताई?” भिकाभाऊंनी विचारलं. त्यांनाही माहीत होतं ते काय विचारताहेत. स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी खिशातून काढलाच नव्हता.

“जुन्या दाराशेजारी,” मी म्हटलं. “चार क्रेटं घ्या. नव्या पोरी आल्यात, जेवायला जागा कमीच पडत होती.”

दुपारी त्या सनमायक्यावर पहिली भाकरी यमुनेने ठेवली. मी जेवून हात धुतले, केबिनमध्ये बसले आणि साहेबांच्या कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही.

‘दार मिळाले. आता दोन्ही दारे वापरात आहेत.’